विहिणीचं नाव

चिकपेटातल्या साड्यांच्या दुकानांना फॉल लावून द्यायचं काम अंबुबाई कित्येक वर्षं करत होत्या. सकाळी गाठोडं आणायचं, दिवसभर उंबऱ्याजवळच्या उजेडात बसून टाके घालायचे, दिवेलागणीला पोचवून यायचं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मात्र त्या एका गाठोड्याची दोन गाठोडी करून आणायला लागल्या. वाटेत कुणाच्या तरी पायरीवर टेकायच्या, मग पुढं निघायच्या. दुकानदार विचारायचे, "काय अक्का, स्वल्प दमलात?" त्यावर अंबुबाई हसून म्हणायच्या, "वय झालं की रे अण्णा, तुझं नाही व्हायचं होय?"

घरात त्या आणि त्यांची सून कावेरी, दोघीच. अंबुबाईंचे यजमान शिंपी होते, ते केव्हाच गेले. मुलगा रघुजी. त्याला निपाणीची कावेरी करून आणली आणि लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तोवर काविळीनं तो गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला कावेरीची आई भागुबाई निपाणीहून आली ती मुलीची ट्रंक बांधायच्या तयारीनंच. पोर तरुण आहे, परत उभी राहील, असं तिचं म्हणणं. अंबुबाईही म्हणाल्या, जा बाई. पण कावेरी ट्रंकेवर बसून राहिली आणि म्हणाली, "मी इथंच राहते." भागुबाईनं जाताना अंबुबाईंकडं असं बघितलं, की जणू या म्हातारीनं चहात काहीतरी घालून माझी पोर फितवली. तेव्हापासून दोघी विहिणींचं बोलणं म्हणजे वर्षातून एकदा संक्रांतीचा तिळगूळ, आणि तोही पार्सलनं.

पुढं कावेरी यशवंतपूरच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. शर्टाच्या कॉलरी शिवायची. संध्याकाळी आली की आत्ती आत्ती करत दिवसभरातलं सगळं सांगायची. आत्ती म्हणजे सासू. अंबुबाई टाके घालत ऐकायच्या. त्यांना वाटायचं, आपल्याला हे सुख कुणाच्या तरी चुकीनं मिळालंय, आणि एक दिवस कुणीतरी येऊन परत मागेल.

एका रविवारी कावेरीनं मोरीतल्या दोरीवर साडीच्या आड वाळत घातलेल्या कापडाच्या लांब पट्ट्या बघितल्या. तिनं एक पट्टी हातात घेतली, वळून बाहेर आली आणि सरळ विचारलं.

"आत्ती, तुमचा विटाळ जाऊन किती वर्षं झाली. मग या पट्ट्या कसल्या?"

"फॉलचं उरलेलं कापड आहे."

"फॉलच्या कापडाला लंगोटासारखी गाठ कशी पडली?"

अंबुबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या ओवेना. शेवटी सुई खाली ठेवून त्या पदराशी पुटपुटल्या, "अंग बाहेर येतंय. चाललं की जास्त येतं. पट्टीनं आवळून धरते."

"कधीपासून?"

"रघू होता तेव्हापासून थोडं थोडं होतंच."

कावेरी त्यांच्यासमोर बसली. रागावली नाही, रडली नाही. नुसती म्हणाली, "आणि ही बाई रोज माझ्याआधी उठून नळावरनं घागर आणते!" आणि मग मात्र तिला रडू आलं.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, पिशवी पार खाली उतरलीय, ऑपरेशन करून काढून टाकायला पाहिजे. खासगी दवाखान्यातला खर्च ऐकून दोघी घरी परत आल्या. पण कावेरीच्या डोक्यात एक गोष्ट चमकली होती. दर महिन्याच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जायचे. कधी साधी सर्दीसुद्धा न झाल्यानं तिनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या ऑफिसात बसवंतकडं गेली. बसवंत बिदरचा, पगाराचं काम बघायचा, मराठी चांगली बोलायचा. त्यानं तिला नीट समजावलं. "हे बघा अक्का, तुमच्या पगारातले थोडे कापतात. मालकानं त्याच्यात त्याच्याहून जास्त घालायचे. तुमच्यासारखे लाखो कामगार. सगळ्यांचं एका ठिकाणी जमा होतं. आज तुम्ही धडधाकट आहात म्हणजे तुमच्या पैशातनं दुसऱ्या कुणाचं तरी ऑपरेशन होतंय. उद्या तुम्ही पडलात की बाकीचे भरतील. मग तिथं दवाखान्यात परत काही द्यायचं नाही. औषध, ऑपरेशन, खाट, सगळं."

"आणि घरातल्या माणसांना?"

"नवरा, मुलं, आणि सांभाळायला असलेले आईवडील."

"सासू?"

बसवंतनं मान हलवली. "सासू नाही. बायकोनं कमवून सासूला सांभाळायचं, हे कायदा करणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसणार."

ही गोष्ट कावेरीनं शेजारच्या मशीनवरच्या यल्लम्माला सांगितली, तर यल्लम्मा हसायलाच लागली. "त्यात काय? आई म्हणून लिही. तुझी आई निपाणीला. तिला इथं कोण ओळखतंय? नाव तिचं, फोटो सासूचा. झालं."

कावेरीनं घरी येऊन हा बेत सांगितला तेव्हा अंबुबाईंचा पहिला प्रश्न असा होता: "म्हणजे मला भागुबाई व्हायला लागेल?"

"कागदावर. तेवढ्यापुरतं."

"आणि टेबलावर माझं काही बरंवाईट झालं तर? त्या बाईच्या नावानं मरू मी? वर गेल्यावर रघूचे वडील म्हणतील, ही कोण आली?"

कावेरी हसून हसून वाकली. पण तिनं पिच्छा सोडला नाही. फोटो काढून आणला. रोज रात्री जेवताना तालीम सुरू झाली. "अम्मा, तुमचं नाव?" अंबुबाई घास गिळून म्हणायच्या, "भा... भागुबाई." "गाव?" "निपाणी." "ही तुमची कोण?" इथं मात्र अंबुबाई न अडखळता म्हणायच्या, "मुलगी." आणि कावेरी त्यांना "आई, भाकरी वाढू?" म्हणायची सवय करायला बघायची, पण दर दोन वाक्यांनी "आत्ती" निसटायचंच. नावावरून अंबुबाईंनी कुरकुर इतकी केली, की गल्लीतल्या बायकांनाही ठाऊक झालं, यांना विहिणीचं नाव लावायचं जिवावर आलंय.

अर्जावर बसवंतचा सहीशिक्का व्हायच्या आधी मुलीनं आईला घेऊन ईएसआयच्या कचेरीत दाखवून यावं असं ठरलं. कावेरीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली. कचेरीत गर्दी होती. कावेरी रांगेत उभी राहिली आणि अंबुबाईंना बाकावर बसवलं. शेजारी एक मध्यम वयाची बाई पिशवी उराशी धरून बसली होती. अंबुबाईंना गप्प बसवेना. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, काय झालं गं? बाईनं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं भावाच्या बायकोला आपली बायको म्हणून कार्डावर दाखवलं होतं, बाळंतपणासाठी. पकडला गेला. झालेला सगळा खर्च परत भरा म्हणून नोटीस आली होती, आणि कारखान्यानं त्याला कामावरून काढलं होतं. "कुठं परत घेत नाहीत हो अम्मा," ती बाई म्हणाली. "खोटं कार्ड केलं म्हणून सगळीकडं नाव झालंय."

अंबुबाईंनी रांगेकडं बघितलं. कावेरी मान उंच करून खिडकीकडं बघत होती. हातात फोटो लावलेला कागद, दुसऱ्या हातानं पदर सारखा करत होती. एवढ्यात तिची पाळी आली आणि तिनं खूण केली.

खिडकीमागं चष्मा लावलेली अधिकारीबाई होती. तिनं कागद वाचला, वर बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "अम्मा, नाव काय?"

"अंबुबाई," अंबुबाई म्हणाल्या.

"घरात म्हणतात तसं," कावेरी घाईघाईनं म्हणाली. "खरं नाव भागुबाई."

"भागुबाई माझी विहीण. ती निपाणीला असते," अंबुबाई म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता. "मी अंबुबाई. ही माझी सून."

अधिकारीबाईनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग तिनं कागद घडी घालून खिडकीतून परत सरकवला. "यावर अजून सही नाही, शिक्का नाही. हा कागद माझ्याकडं आलाच नाही. घरी न्या आणि फाडून टाका." मग जरा पुढं वाकून म्हणाली, "माझ्याही घरी सासू आहे, अम्मा. मलाही तिचं नाव घालता येत नाही. सरकारी मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथं सासू की आई असं विचारत नाहीत. स्वल्प पैसे पडतील, पण होईल."

बसमध्ये कावेरी खिडकीबाहेर बघत बसली. मॅजेस्टिकचा बसस्टँड आला. उतरताना अंबुबाईंचा हात धरून त्यांना सांभाळून उतरवलं, आणि मग म्हणाली, "एवढं जड झालं तुम्हाला माझी आई व्हायचं? दहा मिनिटांपुरतं?"

अंबुबाईंच्या ओठावर खरं कारण आलं होतं. पण ते सांगितलं तर ही पोर म्हणेल, नोकरी गेली तर गेली, आणि उद्या परत खिडकीशी जाऊन उभी राहील. तिला त्या पुरत्या ओळखत होत्या. म्हणून त्या म्हणाल्या, "मला त्या बाईचं नाव नको होतं. पहिल्यापासून सांगत होते."

त्या रात्री कावेरीनं भाकऱ्या केल्या, ताट वाढलं, अंथरूण घातलं. दिवसभराची हकिगत मात्र सांगितली नाही. अंबुबाईंना ते शांत घर रघू गेला त्या वेळच्या घरासारखं वाटलं.

सरकारी हॉस्पिटलात तपासणी झाली, तारीख मिळाली. तिथली रीत वेगळी होती. ज्याचं उत्पन्न चांगलं त्याला पूर्ण आकार, कमी असल्याचा दाखला आणला तर बराच भाग माफ, आणि राहिलेला आपला. शिवाय टाक्यांचा दोरा, हातमोजे, काही इंजेक्शनं बाहेरच्या दुकानातून आणून द्यायची. कावेरीनं कारखान्यातल्या बायकांबरोबर लावलेली चीटी, म्हणजे भिशी, मुदतीआधीच उचलली. अंबुबाईंनी डाळीच्या डब्यामागं ठेवलेले फॉलचे पैसे तिच्यापुढं ठेवले. कावेरी नको म्हणाली, तेव्हा त्यांनी प्रथमच आवाज चढवला. "ठेव. माझा वाटा मला भरू दे. उद्या नर्सनं आवाज चढवला तर मलाही चढवता यायला पाहिजे."

त्यांना गंमत वाटत होती. एका ठिकाणी कावेरी महिन्यामागून महिने भरत होती आणि तिथं आपल्याला दार नव्हतं. इथं आजवर कुणी काही भरलं नव्हतं, तरी निम्म्याच्या वर सरकार सोसत होतं. हिशेब कुणी कसा मांडलाय ते देव जाणे. पण त्यांना खरी चिंता तिसरीच होती. ऑपरेशननंतर आठवडाभर खाटेशी बाईमाणूस लागणार होतं. कावेरी स्वतः आजारी पडली असती तर ईएसआयनं तिला घरबसल्या काही पगार दिला असता. सासूच्या आजारपणाला तसं काही नव्हतं. रजा घेतली की पगार गेला, आणि हंगामाच्या ऐन घाईत जास्त दिवस रजा झाली की मशीनवर दुसरी बाई.

कावेरीनं न विचारता एसटीडी बूथवरून निपाणीला शेजाऱ्याकडं फोन केला.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी भागुबाई दारात उभी. रात्रभर बसमध्ये बसून आलेली. एका खांद्यावर कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गुळाची ढेप आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. अंबुबाई उठायला लागल्या तशी ती म्हणाली, "बसा, बसा. उठून काय ओवाळणार आहात मला?"

ऑपरेशन नीट झालं. अंबुबाईंना शुद्ध आली तेव्हा पहिलं दिसलं ते भागुबाईचं नाक आणि नाकातली मोरणी. त्यांनी परत डोळे मिटून घेतले. पण मिटून किती वेळ राहणार? पाणी द्यायला तीच, कूस बदलायला तीच, भांडं द्यायला तीच. ज्या गोष्टी त्यांनी सुनेपासून वर्षानुवर्षं लपवल्या, त्या आता या बाईच्या हातात होत्या. दुसऱ्या दिवशी भागुबाई अंग पुसायला आली तेव्हा अंबुबाईंनी चादर घट्ट धरली.

"सोडा की ओ," भागुबाई म्हणाली. "मला तीन बाळंतपणं झालीत. तुमच्यात नवीन काय बघणार मी?"

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. अंबुबाईंना टाके ताणल्यामुळं हसता येईना, पण चादर सुटली. नर्सनं येऊन भागुबाईला विचारलं, तुम्ही यांच्या बहीण का? भागुबाईला कन्नड निपाणीच्या बाजारापुरतं यायचं. ती मान ताठ करून म्हणाली, "बीगित्ती!" म्हणजे विहीण. नर्सनं गालावर हात ठेवला. विहिणीनं विहिणीचं भांडं उचललेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं असावं.

चौथ्या दिवशी दुपारी, वॉर्डात सगळे पेंगत असताना, भागुबाई खाटेच्या कडेला बसून मोसंबं सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "पोरगीनं सांगितलं मला. माझं नाव लावायची लाज वाटली म्हणे तुम्हाला. एवढं काय वाईट केलं ओ मी तुमचं?"

अंबुबाईंनी छताकडं बघितलं. पंखा संथ फिरत होता. या बाईशी खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. त्यांनी कचेरीतल्या बाकावरची गोष्ट सांगितली. त्या बाईचा नवरा, ती नोटीस, गेलेली नोकरी. "उद्या मी नसेन. तेव्हा तिच्याजवळ काय असणार? ती मशीन आणि तो पगार. तो माझ्या पिशवीपायी घालवू?"

भागुबाईच्या हातातली फोड तशीच राहिली.

"मग पोरीला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर परत गेली असती खिडकीवर. तुमचीच मुलगी ती. ट्रंकेवर बसली की उठत नाही."

भागुबाईनं नाक ओढलं, पदरानं डोळे पुसले आणि मोसंब्याची फोड अंबुबाईंच्या तोंडात जरा जोरातच कोंबली. "तिला सांगू नका हं," अंबुबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या.

"शपथ," भागुबाई म्हणाली.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला कावेरी कारखान्यातून थेट आली. केसात धाग्यांचे तुकडे अडकलेले. वॉर्डाच्या दारातच भागुबाईनं तिला गाठलं आणि शपथ मोडली. अंबुबाईंना लांबून फक्त हातवारे दिसले. मग कावेरी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"नोकरी दुसरी मिळाली असती," ती म्हणाली.

"मिळाली नसती. त्या बाईनं सांगितलं मला."

"तुम्ही मला इतके दिवस रागात ठेवलंत."

"रागात तू होतीस. मी काय ठेवणार?"

"मी कुणाशी बोलायचं सांगा ना! घरी येऊन भिंतीशी?" तिचा आवाज चढला तसं सगळा वॉर्ड बघायला लागला. "सुपरवायझरनं माझ्या कॉलरीचा नमुना सगळ्यांना दाखवला. त्या यल्लम्माचं लग्न ठरलं. कुणाला सांगू मी?"

"यल्लम्माचं ठरलं?" अंबुबाई कोपरावर उठायला बघत म्हणाल्या. "कुणाशी?"

कावेरीला हसू आणि रडू एकदमच आलं. भागुबाईनं दोघींना दामटलं, टाके उसवतील म्हणून. मग कावेरी खाटेवर पाय घेऊन बसली आणि यल्लम्माचा होणारा नवरा तुमकूरचा, रेल्वेत कामाला, इथपासून सुरुवात केली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी सांगणं संपलं नव्हतं. आयानं दोनदा येऊन हटकलं.

घरी सोडल्यावर डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. भागुबाई म्हणाली, "मग मी कशाला जाते निपाणीला? तिथं काय माझी वाट बघतंय कोण?" ती राहिली. नळावरची घागर तिनं घेतली, चिकपेटातली गाठोडी ती आणायला लागली आणि दुकानदारांशी बाजारी कन्नडमध्ये असं भांडली, की अंबुबाईंना इतक्या वर्षांत कधी न मिळालेला दर तिनं मिळवून आणला. स्वयंपाकघरात दोघींचं जमेना. आमटीत गूळ किती, यावरून रोज वाद. कावेरी दोन्ही आमट्या चाखून कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

नवरात्र संपल्यावर भागुबाईनं जायचं काढलं. निघायच्या दिवशी सकाळी ती कावेरीला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. अंबुबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांना वाटलं, आलं, परत मागणं आलं. आणि त्यांनी ठरवलं, यावेळी तोंडदेखलं म्हणायचं नाही. पोरीला जायचं असेल तर खरंच जा म्हणायचं.

भागुबाई बाहेर आली आणि त्यांच्यासमोर पाटावर बसली. "एक स्थळ आहे. निपाणीचं नव्हे, इथलंच, यशवंतपूरचं. बिदरकडचा आहे. त्यानं स्वतः पोरीला विचारलंय म्हणे, तीन महिने झाले. ती नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. म्हणते, आत्तींना विचारते. आणि विचारायला धजत नाही."

"बसवंत?" अंबुबाई म्हणाल्या.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

अंबुबाईंनी साडी बाजूला ठेवली. ज्या जागेची त्यांना भीती वाटत होती तिथं दुखलं नाही. तो पगाराचं काम बघणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर येईना, कारण त्यांनी त्याला कधी बघितलंच नव्हतं. फक्त कावेरीच्या तोंडून ऐकला होता, संध्याकाळी संध्याकाळी, आणि किती वेळा ऐकला होता ते आत्ता ध्यानात येत होतं.

"कावेरी," त्यांनी हाक मारली, "बाहेर ये. त्याला रविवारी जेवायला बोलव. आणि विहीणबाई, तुमची बस उद्याची करा. आमटी तुम्हीच करा. माझ्या आमटीनं पोरगा पळून जायचा."